दुखतंय कुठे हे सांगता न येणाऱ्यांची शुश्रूषा : बौद्धिक अक्षमता, दवाखाना आणि आपली जबाबदारी

एकदा तथागत आनंदांना सोबत घेऊन भिक्खूंच्या निवासस्थानांतून फिरत होते. एका ठिकाणी अतिसाराने आजारी असलेला एक भिक्खू स्वतःच्याच मलमूत्रात पडलेला त्यांना दिसला. तुझी देखभाल करायला कोणी नाही का, असे तथागतांनी विचारले. कोणी नाही, असे तो म्हणाला. कारण विचारल्यावर त्याने सांगितले की, मी इतर भिक्खूंच्या काही उपयोगाचा नाही, म्हणून ते माझ्याकडे लक्ष देत नाहीत.

तथागतांनी आनंदांना पाणी आणायला सांगितले. स्वतः पाणी ओतले, आनंदांनी त्याचे अंग धुतले. मग तथागतांनी डोक्याकडून आणि आनंदांनी पायांकडून धरून त्याला उचलले व मंचकावर निजवले. त्यानंतर संघाला एकत्र बोलावून त्यांनी समज दिली. आजाऱ्याची सेवा म्हणजे माझीच सेवा, असा त्या उपदेशाचा आशय होता. हा प्रसंग विनयपिटकाच्या महावग्गात आहे आणि बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात तो आवर्जून घेतला आहे.

ही कथा आपण विहारात अनेकदा ऐकतो. पण त्या भिक्खूने सांगितलेले कारण आपण विसरतो. तो उपयोगाचा नव्हता, म्हणून तो घाणीत पडून होता. आज आपल्या वस्तीत, गावात, नात्यात ज्यांना ‘उपयोगाचा नाही’ असे सर्वात लवकर म्हटले जाते ती माणसे म्हणजे बौद्धिक अक्षमता असलेली मुले, मुली आणि प्रौढ. ती आजारी पडतात तेव्हा त्यांचे काय होते, काय व्हायला हवे आणि त्यात आपण बौद्ध तरुण काय करू शकतो, हे समजून घेण्यासाठी हा लेख.

बौद्धिक अक्षमता म्हणजे नेमके काय?

शिकणे, समजणे, विचार करून निर्णय घेणे आणि रोजचे व्यवहार सांभाळणे यांत लहानपणापासून लक्षणीय अडचण असणे म्हणजे बौद्धिक अक्षमता. पूर्वी सरकारी कागदांवर ‘मतिमंद’ असा शब्द होता. गल्लीत त्याची शिवी झाली. तो शब्द आपण सोडला पाहिजे. एकेकाळी आपल्यालाही लोकांनी लादलेल्या नावांनी हाक मारली जात होती. नावाने माणूस कसा लहान केला जातो, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

इथे दोन गोंधळ दूर करू. पहिला म्हणजे वाचन, लेखन किंवा गणितापुरतीच अडचण असणे याला अध्ययन अक्षमता म्हणतात. डिस्लेक्सिया हे त्याचे परिचित उदाहरण. अशा मुलाची बुद्धी इतरांसारखीच असते. हा लेख त्याविषयी नाही. दुसरा गोंधळ म्हणजे बौद्धिक अक्षमता हा मानसिक आजार नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मानसिक आजाराच्या व्याख्येतून तिला स्पष्टपणे वगळले आहे. म्हणून ‘याला वेड्यांच्या दवाखान्यात दाखवा’ हा सल्ला माणुसकीला धरून नाही आणि कायद्यालाही धरून नाही.

2011 च्या जनगणनेत देशात 2 कोटी 68 लाख दिव्यांग नोंदले गेले. त्यात बौद्धिक अक्षमता असलेले सुमारे 15 लाख होते. घरात असे मूल आहे हे सांगायला लोक कचरतात, म्हणून प्रत्यक्षातली संख्या याहून जास्त असणार. आपल्या विहाराच्या परिसरातली दोनशे घरे डोळ्यांसमोर आणा. एखादे तरी असे घर तुम्हाला नक्की आठवेल.

कारणे अनेक असतात. डाउन सिंड्रोमसारखी जन्मजात स्थिती, बाळंतपणात बाळाला प्राणवायू कमी पडणे, नवजात बाळाची तीव्र कावीळ, जन्मतः थायरॉइडची कमतरता, मेंदूज्वर, गरोदरपणात आयोडीन न मिळणे. यांतली काही कारणे वेळेवर उपचार झाले तर टळतात. आईचे किंवा बाळाचे मागच्या जन्माचे पाप हे त्यांतले एकही कारण नाही. मागील जन्माच्या कर्माचा हिशेब या जन्मातल्या दुःखाला लावणारा सिद्धांत बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये नाकारला आहे. तरीही आपल्याच घरांत अशा मुलाच्या आईला ‘नशिबाचे भोग’ ऐकवले जातात. त्या बोलण्याने दवाखान्याची वाट लांबते.

आजार लेबलाआड लपतो

समजा, पंचवीस वर्षांचा एक तरुण आहे. तो मोजकेच शब्द बोलतो. दोन दिवसांपासून तो जेवत नाही, डोके भिंतीवर आपटतो, आई जवळ गेली की ढकलतो. घरचे त्याला दवाखान्यात नेतात. केसपेपरवर आधीच ‘एमआर’ लिहिलेले असते. डॉक्टर गर्दीत एक नजर टाकतात आणि शांत राहण्याची गोळी लिहून देतात. गोळीने तो झोपतो. पण दुखत होती ती दाढ. किंवा कान. किंवा आठ दिवस साफ न झालेले पोट. किंवा अपेंडिक्स.

वैद्यकशास्त्रात याला नाव आहे : डायग्नोस्टिक ओव्हरशॅडोइंग. म्हणजे माणसाचे प्रत्येक लक्षण त्याच्या अक्षमतेच्या खात्यावर टाकणे आणि खरा आजार न शोधणे. ‘ही मुले असेच करतात’ हे वाक्य ऐकू आले की समजावे, आजार लेबलाआड लपतो आहे.

याने माणसे मरतात. हे नीट मोजून पाहिलेला देश म्हणजे इंग्लंड. तिथे 2007 मध्ये ‘मेनकॅप’ या संस्थेने बौद्धिक अक्षमता असलेल्या सहा जणांचे सरकारी आरोग्यसेवेत झालेले मृत्यू लोकांसमोर आणले आणि हे बेपर्वाईमुळे झालेले मृत्यू आहेत असा आरोप केला. त्यानंतर सरकारने चौकशी नेमली. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका सरकारी अभ्यासात अशा 247 मृत्यूंची एकेक करून तपासणी झाली. बौद्धिक अक्षमता असलेले पुरुष इतर पुरुषांपेक्षा सरासरी 13 वर्षे आधी आणि स्त्रिया इतर स्त्रियांपेक्षा 20 वर्षे आधी मरण पावतात, असे त्यातून दिसले. त्यातले बरेच मृत्यू चांगल्या देखभालीने टाळता आले असते. बौद्धिक अक्षमता हे त्या मृत्यूंचे कारण नव्हते. तपासणीला उशीर, निदानाला उशीर, उपचाराला उशीर ही कारणे होती.

श्रीमंत देशात, मोफत सरकारी आरोग्यसेवा असताना ही अवस्था. आपल्याकडे तर असे मृत्यू वेगळे मोजलेच जात नाहीत. आधीच अशक्त होता, गेला, सुटला. इतके बोलून विषय संपतो.

इंग्लंडने या अनुभवातून काही गोष्टी उभ्या केल्या. तिथे परिचारिका शिक्षणाच्या चार शाखा आहेत : प्रौढ, बालक, मानसिक आरोग्य आणि चौथी बौद्धिक अक्षमता. अनेक मोठ्या रुग्णालयांत या शाखेची एक परिचारिका फक्त अशा रुग्णांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी दुवा म्हणून काम करते. 14 वर्षांपुढील प्रत्येकाला वर्षातून एकदा पूर्ण आरोग्य तपासणीची सोय आहे. 2022 च्या कायद्याने आरोग्यसेवेतल्या कर्मचाऱ्यांना या विषयाचे प्रशिक्षण देणे बंधनकारक झाले. आपल्याकडे परिचारिकांच्या मूळ शिक्षणात अशी स्वतंत्र शाखा नाही. आपल्या समाजातल्या कितीतरी मुली आणि मुले एएनएम, जीएनएम, बीएस्सी नर्सिंग करतात. हा लेख त्यांनी विशेष लक्ष देऊन वाचावा.

कोणत्या आजारांकडे लक्ष ठेवावे?

बौद्धिक अक्षमता असलेल्यांमध्ये काही आजार जास्त आढळतात. त्यांची माहिती घरच्यांना आणि कार्यकर्त्यांना असेल तर निम्मे काम होते.

फिट किंवा आकडी. बौद्धिक अक्षमता असलेल्या साधारण पाचांपैकी एकाला अपस्मार असतो. फिट आली की त्या व्यक्तीला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, कपडे सैल करा, वेळ बघा. तोंडात चमचा घालू नका, पाणी पाजू नका, हातपाय दाबून धरू नका. कांदा किंवा चप्पल हुंगवून फिट थांबत नाही. ती आपोआप थांबते आणि श्रेय चपलेला मिळते. पाच मिनिटांपेक्षा जास्त चालली, किंवा शुद्ध येण्याआधी दुसरी आली तर 108 ला फोन करा. औषध मनाने एकदम बंद करू नका. त्यातून जीवघेणी फिट येऊ शकते.

बद्धकोष्ठता. हा ‘किरकोळ’ आजार या रुग्णांत जीव घेऊ शकतो. कमी हालचाल, कमी पाणी आणि काही औषधे यांमुळे पोट दिवसेंदिवस साफ होत नाही, आतडे अडते. माणूस सांगू शकत नाही. म्हणून घरात कॅलेंडरवर शौचाच्या दिवसापुढे खूण करावी. तीन दिवस खूण नसेल आणि पोट फुगले, उलटी झाली, तर थांबू नये.

गिळण्याचा त्रास. जेवताना वारंवार ठसका, खोकला, ओला घरघरणारा आवाज, सतत छातीचे इन्फेक्शन ही लक्षणे असतील तर अन्नपाणी श्वासनलिकेत जात असण्याची शक्यता असते. त्यातून न्यूमोनिया होतो. झोपवून भरवू नये. सरळ बसवावे, लहान घास द्यावा, घाई करू नये आणि डॉक्टरांना गिळण्याची तपासणी करायला सांगावे.

डाउन सिंड्रोम असल्यास हृदयाची तपासणी झालीच पाहिजे, कारण जवळजवळ निम्म्या बाळांना जन्मतः हृदयदोष असतो. थायरॉइड, ऐकू येणे आणि दिसणे यांची तपासणी पुढेही नियमित करावी. चाळिशीनंतर स्मृतिभ्रंशाची लक्षणे लवकर दिसू शकतात. अशा वेळी मुलगा ‘आणखी बिघडला’ असे म्हणून सोडून देऊ नये.

दात आणि कान. एकाएकी चिडचिड, गालावर हात मारणे, जेवण नाकारणे यांच्या मागे पुष्कळदा दाढ किंवा कान असतो. दोन्ही तपासायला पाच मिनिटे लागतात.

शांत करणारी औषधे. वागणूक ‘आवरण्यासाठी’ वर्षानुवर्षे दिलेल्या गोळ्यांमुळे वजन वाढते, साखर वाढते, सुस्ती येते. ही गोळी कशासाठी, किती दिवस, कधी कमी करायची, हे विचारणे हा घरच्यांचा हक्क आहे. पण कमी-जास्त करायची ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच.

शब्द नसलेल्या वेदनेची भाषा

महावग्गात त्याच प्रसंगानंतर रुग्णाविषयी आणि शुश्रूषा करणाऱ्याविषयी व्यवहाराचे सांगितले आहे. कोणत्या रुग्णाची सेवा करणे अवघड जाते, याची पाच लक्षणे तिथे दिली आहेत. त्यांतले एक असे की, तो आपला आजार वाढतो आहे, कमी होतो आहे की तसाच आहे, हे खरे-खरे सांगत नाही. बौद्धिक अक्षमता असलेल्या रुग्णाची अडचण नेमकी इथे आहे. सांगायची इच्छा असूनही त्याला सांगता येत नाही. मग सेवा करणाऱ्याची जबाबदारी वाढते.

चांगल्या शुश्रूषकाचे पाच गुणही तिथे आहेत. औषध तयार करता येणे. रुग्णाला काय मानवते आणि काय मानवत नाही हे ओळखणे. लाभासाठी नव्हे तर मैत्रीभावनेने सेवा करणे. मलमूत्र, थुंकी, उलटी यांची किळस न बाळगणे. आणि वेळोवेळी बोलून रुग्णाचे मन प्रसन्न ठेवणे. आजच्या कोणत्याही नर्सिंग कॉलेजच्या भिंतीवर लावावी अशी ही यादी आहे.

दुसरा गुण इथे सर्वात महत्त्वाचा, कारण रुग्णाला काय मानवते हे ओळखायचे तर आधी त्याचे रोजचे वागणे माहीत हवे. वागणूक अचानक बदलली तर ती वेदनेची भाषा समजावी. नेहमी हसणारा गप्प झाला, नेहमी चालणारा बसून राहिला, झोप उडाली, पांघरूण ओले व्हायला लागले, एकाच जागी सारखा हात जातो आहे. अशा वेळी ‘हट्ट करतोय’ म्हणण्याआधी ताप, पोट, दात, कान, लघवी आणि त्वचा एवढे तपासावे. परिचारिकांकडे लहान बाळांसाठी वेदना मोजण्याची पद्धत असते. चेहरा, पायांची हालचाल, अंगाची तगमग, रडणे आणि जवळ घेतल्यावर शांत होणे यांना गुण दिले जातात. न बोलणाऱ्या मोठ्या रुग्णासाठीही तिचा उपयोग होतो. पण सर्वात चांगले मोजमाप आईकडे असते. ‘हा आज नेहमीसारखा नाही’ असे आई म्हणते तेव्हा ते केसपेपरवर लिहिले गेले पाहिजे.

रुग्णालयाने काय करायला हवे?

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 मध्ये मंजूर झाला आणि 19 एप्रिल 2017 पासून लागू झाला. त्याच्या कलम 25 नुसार दिव्यांग व्यक्तीला तपासणीत आणि उपचारात प्राधान्य मिळाले पाहिजे. सरकारी आणि खासगी अशा दोन्ही रुग्णालयांत तिला अडथळ्याविना वावरता आले पाहिजे. ठरवून दिलेल्या उत्पन्नमर्यादेत, जवळच्या ठिकाणी, विशेषतः ग्रामीण भागात, मोफत आरोग्यसेवेची तरतूदही त्यात आहे. कलम 3 सांगते की दिव्यांगत्वामुळे भेदभाव करता येणार नाही आणि आवश्यक त्या वाजवी सोयी सरकारने करून दिल्या पाहिजेत.

पायाने अधू असलेल्यासाठी वाजवी सोय म्हणजे रॅम्प, हे लगेच कळते. बौद्धिक अक्षमतेसाठी रॅम्प म्हणजे काय? त्याला फारसा खर्च येत नाही.

ओपीडीत पहिला नंबर द्यावा, म्हणजे तीन तास गर्दीत बसून रुग्ण बिथरत नाही. वॉर्डात ओळखीच्या एका माणसाला भेटीच्या वेळेपलीकडेही थांबू द्यावे. आधी रुग्णाशी बोलावे, मग सोबतच्या माणसाशी. वाक्य छोटे असावे, एका वेळी एकच गोष्ट सांगावी आणि उत्तरासाठी थांबावे. स्टेथोस्कोप, बीपीचा पट्टा आधी हातात द्यावा, आईला लावून दाखवावा. सुई टोचण्याआधी जागा बधिर करणारे मलम लावता येते. चार जणांनी दाबून धरून रक्त काढले तर तो रुग्ण पुन्हा दवाखान्याची पायरी चढणार नाही.

इथे चुल्लपंथकाची आठवण होते. चार महिन्यांत एक गाथाही पाठ होईना, म्हणून सख्ख्या थोरल्या भावाने, महापंथकाने, त्याला विहार सोडायला सांगितले. तथागतांनी त्याला परत आणले. गाथा पाठ करायला लावण्याऐवजी हातात स्वच्छ पांढरे कापड दिले आणि ते चोळत एक शब्द म्हणत राहायला सांगितले. कापड मळत गेले आणि अनित्यता त्याला हाताने कळली. चुल्लपंथकाला आजच्या भाषेतले निदान चिकटवण्याचे कारण नाही. शिकवणाऱ्याने पद्धत बदलली, एवढेच लक्षात घ्यायचे. याच कथेत जीवकाने संघाला भोजनाला बोलावले तेव्हा चुल्लपंथक मागे राहिला होता. विहारात अजून एक भिक्खू आहे, हे तथागतांनी लक्षात आणून दिले आणि तो येईपर्यंत भोजन पुढे गेले नाही. जीवक वैद्य होता. आजच्या वैद्यांनाही कोणीतरी सांगावे लागते की एक जण मागे राहिला आहे.

संमती कोणाची?

इथे मुलींचा प्रश्न सर्वात गंभीर होतो. 1994 साली शिरूर येथील सरकारी वसतिगृहात राहणाऱ्या बौद्धिक अक्षमता असलेल्या काही मुली-स्त्रियांची गर्भाशये पुण्यात शस्त्रक्रिया करून काढण्यात आली. त्यांना पाळीची स्वच्छता ठेवता येत नाही, असे कारण देण्यात आले. स्त्री संघटनांनी आणि आरोग्य कार्यकर्त्यांनी विरोध केला, देशभर चर्चा झाली. पाळीचे कापड कसे बदलायचे हे अनेक मुलींना चित्रे दाखवून, सराव करून शिकवता येते. वेळ द्यावा लागतो. वेळ आणि माणसे द्यायची नव्हती, म्हणून अवयव काढले गेले.

2009 मध्ये चंदीगडच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढ स्त्रीचा गर्भपात तिच्या संमतीशिवाय करता येणार नाही. 2016 च्या कायद्याच्या कलम 10 नुसार कोणत्याही दिव्यांग व्यक्तीवर तिच्या मुक्त आणि समजून दिलेल्या संमतीशिवाय वंध्यत्व आणणारी प्रक्रिया करता येत नाही. दिव्यांग स्त्रीच्या स्पष्ट संमतीशिवाय गर्भपात केल्यास कलम 92 खाली सहा महिने ते पाच वर्षे कारावास आहे. तीव्र दिव्यांगत्व असलेल्या स्त्रीबाबत डॉक्टरांचे मत आणि पालकाची संमती असा अपवाद त्यात ठेवलेला आहे. म्हणूनच अशा वेळी तिच्या बाजूने बोलणारा माणूस तिथे असणे आवश्यक आहे.

इतर उपचारांतही आधी त्या व्यक्तीला समजावून विचारायचे. चित्राने, वस्तू दाखवून, वेळ देऊन. अठरा वर्षांनंतर आई-वडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत, हे अनेक घरांना ऑपरेशनच्या वेळी सही मागितल्यावर कळते. राष्ट्रीय न्यास कायदा 1999 खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तर समिती असते. बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी आणि बहुविकलांगता असलेल्या प्रौढांसाठी तिथे पालकत्वाचा अर्ज करता येतो. जीव वाचवण्याच्या तातडीच्या उपचारासाठी मात्र या कागदाची वाट पाहायची नसते.

कागद तयार ठेवा

दवाखान्याच्या दारात उभे राहिल्यावर कागद जमा होत नाहीत. म्हणून आधीच चार कामे करून ठेवावीत.

1. दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड. अर्ज ‘स्वावलंबन’ पोर्टलवर करता येतो. तपासणी सिव्हिल हॉस्पिटलसारख्या नेमून दिलेल्या सरकारी रुग्णालयात होते.

2. निरामय आरोग्य विमा. राष्ट्रीय न्यासाच्या या योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते. ओपीडी, नियमित तपासण्या आणि थेरपीचा खर्चही त्यात येतो. आधी वैद्यकीय चाचणी द्यावी लागत नाही. नूतनीकरण दरवर्षी करायचे असते. तिथेच लोक चुकतात.

3. मोठ्या उपचारांसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. कोणत्या रुग्णालयात आणि कोणत्या उपचाराला ती लागू आहे, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारावे.

4. अठरा वर्षांखालील मुलांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम. अंगणवाडी आणि शाळेत तपासणी होते आणि पुढे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवले जाते. अठराव्या वर्षानंतर अशी कोणतीही नियमित तपासणी नाही. ही मोठी पोकळी आहे आणि आपल्या संघटनांनी ती मागणी म्हणून मांडली पाहिजे.

अधिक मार्गदर्शनासाठी बौद्धिक दिव्यांगांच्या राष्ट्रीय संस्थेचे नवी मुंबईत खारघर येथे प्रादेशिक केंद्र आहे. महाराष्ट्रात डिसेंबर 2022 पासून स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग आहे आणि पुण्यात दिव्यांग कल्याण आयुक्तालय आहे. रुग्णालयाने कायद्याप्रमाणे वागणूक दिली नाही तर तक्रार तिथे जाते.

विहारातून काय सुरू करता येईल?

यासाठी मोठा निधी, ट्रस्ट, इमारत काही लागत नाही.

सुरुवात यादीपासून करा. आपल्या वस्तीत बौद्धिक अक्षमता असलेली मुले आणि प्रौढ किती, कोणाकडे कोणता कागद नाही, हे घरोघरी जाऊन नोंदवा. ही यादी खासगी ठेवा. व्हॉट्सॲपवर नावे आणि फोटो फिरवू नका. मदतीचे फोटो काढून कोणाची लाज चव्हाट्यावर मांडू नका.

मग प्रत्येकासाठी एका कागदाची ओळखपत्रिका करा. इंग्लंडच्या रुग्णालयांत अशी पत्रिका रुग्णासोबत असते. आपण मराठीत हाताने लिहिली तरी चालते. त्यात लिहा : हाक मारायचे नाव. घरातला फोन. आजार आणि औषधे, वेळेसह. ॲलर्जी. फिट येते का, कशी येते. कसे बोलतो : शब्दांनी, खुणांनी, आवाजांनी. दुखल्यावर काय करतो. कशाची भीती वाटते : सुई, पांढरा कोट, अंधार, आवाज. कशाने शांत होतो : गाणे, एखादी वस्तू, आईचा पदर. कसे खातो, कसे पितो. शौचाला मदत लागते का. हा कागद आई सांगेल आणि तुम्ही लिहाल. एका रविवारी बुद्धवंदनेनंतर दोन तास बसलात तर पाच-सात कागद तयार होतील. एक प्रत घरी, एक पिशवीत, एक शेजारी.

तिसरे काम सोबत जाण्याचे. आई रुग्णाला सांभाळेल तेव्हा केसपेपरच्या रांगेत कोण उभे राहील, औषधे कोण आणेल, कलम 25 चे प्राधान्य नम्रपणे पण ठामपणे कोण मागेल? कॉलेजात शिकणाऱ्या दोन तरुणांची ही जबाबदारी ठरवता येते. सिस्टर आणि डॉक्टर बहुतेक वेळा कामाने दबलेले असतात. त्यांच्याशी भांडण करायला जायचे नाही, रुग्णाची माहिती द्यायला जायचे.

चौथे काम आपल्या शिबिरांचे. 14 एप्रिलला आणि 6 डिसेंबरला आपण रक्तदान आणि आरोग्य शिबिरे घेतो. 3 डिसेंबर हा जागतिक दिव्यांग दिन असतो. यांपैकी एका शिबिरात एक टेबल फक्त या रुग्णांसाठी ठेवा. वजन, रक्तदाब, साखर, थायरॉइड, दात, कान, डोळे आणि चालू औषधांचा आढावा. सकाळी पहिला तास, स्पीकर बंद. समाजातले डॉक्टर, दंतवैद्य, परिचारिका यांना या तासासाठी आधी सांगून ठेवा.

पाचवे, बुवाबाजीला रोखा. अंगारा, गंडा, ‘झाड उतरवणे’ यांत औषधाचे महिने वाया जातात. बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तीत अलौकिक शक्ती असल्याचे भासवून तिच्यावर धंदा करणे हा महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

शेवटचे काम आईसाठी. ती वीस-तीस वर्षे एकटीने उचलते, धुते, भरवते. तिची कंबर, तिचा रक्तदाब, तिची झोप कोणी विचारत नाही. आठवड्यातून तीन तास कोणी तिच्या मुलाजवळ विश्वासाने बसले तर ती विहारात येऊ शकेल, स्वतःला डॉक्टरांना दाखवू शकेल. ‘माझ्यामागे याचे काय’ हा प्रश्न तिला रात्री झोपू देत नाही. त्याचे पूर्ण उत्तर आपल्याकडे नसेल, पण तिच्या मुलाला नावाने ओळखणारी दहा माणसे वस्तीत असणे ही त्या उत्तराची सुरुवात आहे.

त्या आजारी भिक्खूजवळ तथागत गेले तेव्हा तो कोणत्या उपयोगाचा आहे, हे त्यांनी विचारले नाही. त्यांनी पाणी मागवले. संघ म्हणवून घेणाऱ्या आपल्याला येत्या रविवारी वस्तीतल्या एका घराचे दार ठोठावून, हातात कोरा कागद घेऊन, ‘ताई, याला काय आवडतं, काय त्रास होतो, ते सांगा, मी लिहून घेतो’ एवढे म्हणता आले तरी खूप झाले.

जय भीम! नमो बुद्धाय!